कार्थेजच्या रिंगणात

ट्युनिसहून सरोवर ओलांडून उपनगरी गाडी कार्थेजला येते. तिथून चालत अँफिथिएटरपाशी पोचले, आणि पाहतच राहिले. एवढंच? दगड लोकांनी शतकानुशतकं उचलून नेले. झाडीमध्ये उरलाय तो एक लंबगोल खड्डा, चार भिंती आणि एक स्मृतिस्तंभ.

परंपरा मानते की इसवी सन 203 च्या 7 मार्चला विबिया पर्पेतुआला इथंच आणलं. वय 22, कुलीन, शिकलेली, पदरात अंगावर पिणारं मूल. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या धाकट्या मुलाच्या, गेटाच्या, वाढदिवसाचे खेळ होते. सम्राटाच्या कल्याणासाठी देवांना आहुती द्यायला तिनं नकार दिला होता.

तुरुंगात तिनं लॅटिनमध्ये टिपणं लिहिली, आणि ती टिकली! त्यांत काळोख आहे, गर्दीचा उकाडा आहे, भुकेनं मलूल झालेलं बाळ आहे. पहारेकऱ्यांना पैसे चारून मिळालेल्या थोड्या मोकळ्या वेळात ती त्याला पाजते. म्हातारा बाप तिचे हात हातात घेऊन पाया पडतो. भर न्यायसभेत अधिकारी हिलारियानस त्याला छडीनं मारायला लावतो, तेव्हा ते वळ तिच्याच अंगावर उमटतात. तरी ती 'मी ख्रिस्ती आहे' यापासून हलत नाही. बापाची आर्जवं वाचताना मला त्याचाच कैवार घ्यावासा वाटत होता, हे सांगायलाच हवं.

सोबत फेलिसिटी होती, गुलाम, आठ महिन्यांची गरोदर. गर्भवतीला मृत्युदंड देता येत नसे, म्हणून आपण मागे राहू याचंच तिला दुःख! ती तुरुंगातच बाळंत झाली, मुलगी झाली.

दोघींवर सोडली ती चवताळलेली गाय. गाय! आधी दोघींना उघड्या अंगावर जाळी गुंडाळून रिंगणात आणलं. एक कोवळी पोर, दुसरी पान्हा फुटलेली ओली बाळंतीण. खेळ बघायला आलेली गर्दीसुद्धा शहारली, मग त्यांना मागे नेऊन कपडे चढवले. गाईनं उडवल्यावर पर्पेतुआनं फाटलेलं वस्त्र सावरलं, पिन मागून केस बांधले. मोकळे केस म्हणजे शोक, आणि तिला तो दाखवायचा नव्हता. मग हात देऊन तिनं फेलिसिटीला उठवलं.

हा शेवट दुसऱ्या कुणी लिहिला. रिंगणात काय होईल ते ज्याला लिहायचं त्यानं लिहावं, असं तिनंच आदल्या दिवशी नोंदवून ठेवलं होतं. दोनशे वर्षांनंतरही तिच्या स्मृतिदिनी आफ्रिकेतल्या चर्चमध्ये ही कहाणी वाचली जाई, आणि संत ऑगस्टीन तिच्यावर प्रवचन करत.