मुक्काम आधी ठरवावा का?

सहलीला निघायचं म्हटलं की तुमच्या घरी पहिला वाद कशावरून होतो? आमच्याकडे बॅगांवरून नाही, खाऊच्या डब्यांवरून नाही, मुक्कामावरून होतो. आमच्या ह्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "दिवस मावळेल तिथे मुक्काम." लग्नाला तीस वर्षं झाली, तेव्हापासून ऐकते आहे. पहिली काही वर्षं मलाही ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू?

त्यात भाच्याने एक गाडी घेतली. मागे दोन बाकं, रात्री ती जोडली की पलंग होतो. छोटी गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. कॅराव्हॅन म्हणतात म्हणे हिला. 2021 साली आपल्या राज्य सरकारने अशा गाड्यांच्या सहलींसाठी एक धोरणही जाहीर केलं. भाचा वर्षातून आठ-दहा दिवस ती आम्हांला देतो. मग काय, ह्यांच्या वाक्याला चाकंच लागली! "घरच बरोबर आहे, तर खोल्या कशाला ठरवायच्या?"

आता घर म्हणजे काय, हे पुरुषांना आणि बायकांना वेगळं दिसतं. त्या गाडीत सगळं आहे, फक्त संडास नाही.

2023 च्या डिसेंबरात आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. ह्या वर्षी नाताळ सोमवारी आला होता, म्हणजे शनिवार-रविवार जोडून तीन दिवस सुटी. अर्ध्या महाराष्ट्राला तीच कल्पना सुचलेली. शनिवारी अंधार पडताना पोचलो, तर दारोदार एकच उत्तर, "जागा नाही." गाडी अंगणात लावू द्याल का, असंही विचारलं. पण अंगणंही भरलेली. शेवटी मागे फिरून एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावली. तिथल्या संडासाला कुलूप आणि किल्ली घेऊन माणूस घरी गेलेला. ह्यांचं काय, काळोखात दहा पावलं चालले की झालं. माझं आणि मुलीचं कसंबसं निभावलं. सासूबाई मात्र "मला काही नको" म्हणून आडव्या झाल्या.

सकाळी कळलं, त्यांनी आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. "जागा मिळेल न मिळेल, कशाला उगाच," एवढंच म्हणाल्या. पंचाहत्तरीच्या बाईने भर उन्हाच्या प्रवासात पाणी सोडलं होतं, आणि मी शेजारी बसून पडद्यांचं कौतुक करत होते! नाशिकला परत येईतो ताप भरला. डॉक्टरांनी लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग सांगितला. आठवडाभर औषधं झाली. हे काही बोलले नाहीत, पण तीन दिवस रोज स्वतः उठून त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवत होते.

तुमच्यापैकी कितीजणी प्रवासाला निघताना चहा अर्धाच पितात, सांगा बरं? मी पितेच.

पुढच्या सहलीची गोष्ट निघाली ती 2025 च्या फेब्रुवारीत. दिवेआगर, मग खाड्या ओलांडत आंजर्ले, गुहागर आणि शेवटी पुन्हा गणपतीपुळे. मी म्हटलं, "अहो, या खेपेला सगळे मुक्काम आधी ठरवायचे." हे म्हणाले, "मग ती सहल कसली? ते वेळापत्रक झालं." वाद चांगला रंगला. मला वाटलं, सासूबाई माझी बाजू घेतील ती पेट्रोल पंपावरून. तसं झालं नाही. त्यांनी काढलं 1980 चं सिंहस्थ.

तेव्हा आमचं घर पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. पर्वणीला कोण कुठून येईल याचा नेम नसे. गावाकडचे, त्यांच्या ओळखीचे, त्या ओळखीच्यांचे शेजारी. "रात्री अकराला दार वाजायचं," सासूबाई सांगू लागल्या. "'वहिनी, आम्ही आठजण आहोत, काही त्रास घेऊ नका हं.' त्रास घेऊ नका म्हणे! विझवलेला स्टो पुन्हा पेटवून पिठलं-भात कोण टाकणार होतं? घरातल्या पुरुषांनी सतरंज्या अंथरल्या की त्यांचा पाहुणचार संपला." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तू ज्या दारात रात्री नऊला जाऊन उभा राहतोस ना, तिथे आत एक बाई असते. कळवून जात जा."

हे मी कधी मनातच आणलं नव्हतं, बघा. मी आपली आमच्या सोयीचा विचार करत होते. कोकणात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय असते, तिथे माणशी मोजून नारळ फोडतात, माणशी मोजून मासळी घेतात. आयत्या वेळी चार पानं वाढली तर ओढाताण कुणाची होणार?

मग आम्ही तडजोड केली. शनिवारची रात्र दिवेआगरला, ती आधी ठरवायची, कारण शनिवारी समुद्रकाठी जागेचा भरवसा धरू नये. गणपतीपुळंही आधी, कारण मागची धास्ती. मधले आंजर्ले आणि गुहागर आडवारी येत होते, ते मोकळे. पण मोकळे म्हणजे ह्यांच्या अर्थाने नव्हे. दुपारी तीनच्या आत फोन करायचाच.

फोनवर काय विचारायचं ते मी वहीत लिहूनच ठेवलं. भाडं सगळेच विचारतात. मी विचारलं, संडास कमोडचा आहे का, दाराला आतून कडी लागते ना, रात्री नळाला पाणी असतं का, पायऱ्या किती. गाडीसाठी आणखी दोन प्रश्न : गल्लीतून गाडी येईल का, आणि फाटकावर आंब्याची फांदी किती उंच आहे? हसू नका. कोकणातल्या वाटा चिऱ्याच्या गडग्यांमधून जातात, आणि आमच्या गाडीचं टप साध्या मोटारीपेक्षा बरंच उंच आहे. एका ठिकाणच्या वहिनींनी खरंच बाहेर जाऊन फांदी बघितली आणि सांगितलं, "नको, आमच्याकडे अडकाल."

दिवेआगर सुरळीत पार पडलं. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढलो, वेसवीला उतरलो, केळशीवरून आंजर्ल्याला आलो. जागा सहज मिळाली. कड्यावरच्या गणपतीला गेलो, खाली समुद्र, माडांची दाटी. सासूबाई देवळाच्या आवारात बसल्या त्या उठेचनात. संध्याकाळी म्हणाल्या, "उद्याही इथेच राहू या का रे?" ह्या बाईने आजवर प्रवासात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

राहिलो. म्हणजे गणपतीपुळ्याची तारीख चुकणार होती. तिथे फोन केला तर आगाऊ दिलेले हजार रुपये परत मिळणार नाहीत, असं स्वच्छ उत्तर आलं. त्यांचं चूक नव्हतं, आधी विचारायचं मीच विसरले होते. माझ्या वहीत तेवढा एक प्रश्न नव्हता. हे एक अक्षर बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे पाहून सोलकढीची वाटी तोंडाला लावली. ते हजार रुपये मला अजून टोचतात, आणि ती वाटी त्याहून जास्त.

दाभोळला पुन्हा बोट. ही चुकली तर चिपळूणवरून भला मोठा वळसा पडतो, म्हणून वेळेत निघालो. धोपाव्याला उतरेपर्यंत हे स्वतःच गुहागरच्या बाईंना फोन लावून सांगत होते, "चारजण आहोत. साडेसातपर्यंत येतो. आईला तिखट कमी लागेल. आणि वहिनी, पायऱ्या किती हो?"

परतीला कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो. सासूबाईंनी आधी मागच्या बाजूचा संडास बघून घेतला. परत येऊन बाकावर बसल्या, पदराने कपाळ पुसलं आणि मुलीला म्हणाल्या, "पाण्याची बाटली दे गं. आणि चहा मला पूर्ण कप सांग."