नाक गळते तेव्हा श्वास मोजा

चिखलदऱ्याला पावसाळ्यात आमच्या घरात कपडे वाळत नाहीत. साडेतीन हजार फुटांवरचे हे गाव. जून सरला की धुके खिडकीतून आत येते, भिंतींना ओल फुटते आणि कोपऱ्यातल्या चपलांवर चार दिवसांत बुरशी चढते. पाहुणे परतवाड्याहून घाट चढून हेच धुके पाहायला येतात, दोन दिवस राहून उतरतात. आम्ही बारमाही राहणारी माणसे मात्र नाक पुसत राहतो.

गावात या सगळ्याला एकच नाव आहे, सर्दी. पण या एका नावाखाली निदान तीन निरनिराळी दुखणी असतात. ती ओळखता आली तर पैसा वाचतो, मजुरी वाचते आणि कधी कधी लेकराचा जीवही वाचतो.

पहिली खरी सर्दी. ती विषाणूंमुळे होते आणि असे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. केळी खाल्ल्याने किंवा डोके भिजल्याने ती उगवत नाही. शिंकेतून, हातांतून, एकाच टॉवेलातून ती पसरते. पावसात दारे-खिडक्या लावून सगळे एका खोलीत बसतात, म्हणून घरभर फिरते. घसा खवखवतो, अंग मोडते, थोडा ताप येतो, आणि सात ते दहा दिवसांत ती आपली आपण जाते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे रोग वाढला असे नव्हे. अँटिबायोटिक गोळ्या विषाणूला मारत नाहीत. म्हणून साध्या सर्दीत त्या दुकानातून मागून घेऊ नयेत.

दुसरी अॅलर्जी. आमच्या घरातली थोरली सून लॉजवर गाद्या-रजया झटकण्याचे काम करते. हंगामात तिला एका दमात दहा-पंधरा शिंका येतात, नाक-डोळे खाजतात, पाण्यासारखे नाक वाहते. पण ताप नाही, अंगदुखी नाही. सुटीच्या दिवशी सगळे बंद. हे विषाणूचे काम नव्हे. कारण आहे रजयांतली धूळ, त्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे आणि बुरशी. खाली वऱ्हाडात हेच काम जिनिंगमधला कापसाचा भुरका करतो, तुरीच्या मळणीची धूळ करते आणि बांधावरचे गाजरगवतही करते. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५०च्या दशकात ते पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले.

इथे औषधाआधी कारण दूर करायचे. सुनेने तोंडा-नाकाला ओढणी बांधून रजया बाहेर झटकायला सुरुवात केली आणि शिंका निम्म्यावर आल्या. ऊन पडेल त्या दिवशी अंथरूण उन्हात टाकावे. कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. गाजरगवत फुलावर येण्याआधीच उपटावे, पण उघड्या हातांनी नको. चुलीचा धूर खोलीत कोंडू देऊ नये आणि तान्ह्या बाळाला चुलीजवळ निजवू नये. घरात बिडी तर नकोच. अॅलर्जीच्या गोळीने झोप येऊ शकते. आमच्याकडे पुष्कळ जण घाटात जीप चालवतात, त्यांनी गोळी घेऊन स्टिअरिंगला हात लावू नये.

तिसरे दुखणे सायनसचे. कपाळाच्या आणि गालांच्या हाडांत पोकळ्या असतात. नाक सुजले की त्यांची वाट बंद होते आणि आत पाणी साचते. वाकले की कपाळ जड होते, एकाच बाजूचा गाल ठणकतो, वरच्या दाढाही दुखतात. हे बहुधा सर्दीबरोबरच ओसरते. पण दहा दिवस उलटले तरी उतार नाही, किंवा बरे वाटता वाटता पुन्हा ताप चढला, तर डॉक्टरांना दाखवावे. डोळ्याभोवती सूज आली, दिसायला अंधुक झाले किंवा मान आखडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिन्हींत उपयोगी पडणारी स्वस्त गोष्ट म्हणजे मिठाचे पाणी. एक पेला पाणी चांगले उकळून कोमट करावे, त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. पुढे वाकून, तोंड उघडे ठेवून एका नाकपुडीतून हळूहळू सोडावे, दुसरीतून ते बाहेर येते. न उकळलेले पाणी नाकात घालू नये. वाफेने मोठ्यांना मोकळे वाटते, पण लहान मुलांना उकळत्या भांड्यापाशी बसवू नये. त्यात पोरे भाजतात. नाक उघडणारे औषधी थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की नाक उलट जास्तच चोंदते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये.

आता लेकरांविषयी. छिंदवाडा आपल्यापासून फार लांब नाही. तिथे २०२५ साली खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालके गेली. म्हणून लहान मुलाला सर्दी-खोकल्याचे औषध मनाने पाजू नये, दोन वर्षांच्या आत तर नाहीच. त्याच वर्षी आमच्याच तालुक्यात सिमोरी गावी २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिले गेले. त्या घरच्यांना नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. रात्र, पाऊस, दूरचा दवाखाना आणि समोर तडफडणारे बाळ! अशा वेळी माणूस जवळच्या हाताकडे धावतो. तो जवळचा हात शिकलेला असला पाहिजे.

तो असू शकतो हे विदर्भानेच दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. हे १९९० साली जगापुढे मांडले गेले.

ते मोजणे कुठल्याही आईला जमते. बाळ शांत असताना किंवा निजलेले असताना पोटावरचा कपडा वर करून घड्याळ लावून पुरे एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले तर ती साधी सर्दी नव्हे. "पोराचं पोट उडू राह्यलं," असे आमच्याकडे म्हणतात. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजतही बसू नये. आशाताईंना उठवावे, १०८ ला फोन करावा, गाडी मिळेल तशी दवाखान्यात न्यावे. आमच्या वस्तीत हे तीन आकडे आता पोरींनी घराघरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत. तुम्हीही आज लिहून ठेवा.