प्रिंटरचा रुसवा

संगणक हें यंत्र एकंदरीत समंजस आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच्या शेजारीं बसविलेला प्रिंटर मात्र निराळ्याच गोत्राचा! सकाळीं दहा वाजतां जो विनातक्रार पन्नास पानें छापून देतो, तोच पक्षकार समोर बसला असतां एक पान छापण्यास नकार देतो. आणि कारण विचारावें तर तांबडा दिवा लुकलुकवून स्वस्थ राहतो. आमच्या वकिलीच्या कचेरींत हा अनुभव आम्ही गेलीं वीस वर्षें घेत आहों. ज्या वाचकांच्या घरीं मुलांच्या शाळेच्या निमित्तानें हें यंत्र येऊन बसलें आहे, त्यांनाही तो आला असेलच.

न्यायानें बोलावयाचें तर त्याचें काम कीव यावी असेंच आहे. संगणकास केवळ विजेचे संकेत हलवावयाचे असतात. प्रिंटरची गांठ जड सृष्टीशीं. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत गॅरी स्टार्कवेदर यांनीं १९७१ सालीं लेझर प्रिंटर चालवून दाखविला. त्यांतील मूळ युक्ति आजही तीच आहे. विद्युत्भारित नळकांड्यावर प्रकाशकिरणानें अक्षरें रेखावयाचीं, त्या रेखांवर प्लॅस्टिकची अति बारीक भुकटी चिकटवावयाची, ती कागदावर उतरवावयाची, आणि सुमारें २०० अंश सेल्सिअस तापलेल्या रुळांमधून तो कागद नेऊन भुकटी वितळवून पक्की करावयाची. हें सर्व कांहीं क्षणांत, आणि तेंही आमच्या कोंकणांतील आषाढाच्या हवेंत! कागद हा ओलाव्याचा मोठा लोभी. उघडा पडलेला गठ्ठा लवकरच सर्द होतो, पानें एकमेकांस चिकटतात, रुळांतून जातांना कडा वळतात, आणि मग कागद अडकल्याची पाटी झळकते. लोक तो रागानें हिसडतात. तो फाटतो, आणि त्याचा नखाएवढा तुकडा आंत राहून पुढें आठवडाभर छळतो. कागद ज्या दिशेनें जावयाचा त्याच दिशेनें, दोन्ही हातांनीं, सावकाश ओढावा, एवढें पथ्य पुरे. आमचे वृद्ध कारकून गठ्ठ्यांचें वेष्टण न फोडतां ते लोखंडी कपाटांत ठेवतात, तें याचसाठीं.

परंतु खरी कसोटी लागते ती यंत्रांत कांहींच बिघडलेलें नसतां. गेल्या श्रावणांत एका विधवा बाईंच्या जमिनीच्या वाटपाचें अपील आम्हांस दाखल करावयाचें होतें. जिल्हा न्यायालयांत अपील करण्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें ३० दिवस मिळतात. नकला मिळण्यास लागलेला काळ वजा जातां, बाई आल्या तेव्हां दोनच दिवस उरले होते. शेवटच्या दिवशीं दुपारीं दोन वाजतां मसुदा तयार झाला, कारकुनांनीं छपाईची आज्ञा दिली, आणि पडद्यावर उत्तर आलें कीं प्रिंटर 'ऑफलाइन' आहे. यंत्राचा दिवा तर हिरवा! कारकुनांनीं पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा दिली, अशी नऊ वेळां. बाजारांतील झेरॉक्सवाल्याकडे धांव घ्यावी, तर तिकडची वीज रात्रीच्या वादळापासून गेलेली. अशा वेळीं दोष यंत्राचा असला तरी डोळे सगळ्यांचे वळतात ते कारकुनाकडे, आणि त्या बिचाऱ्यांचे हात कांपूं लागले.

"वकीलसाहेब, आज नाय झालं तर जमीन गेलीच ना?" कोपऱ्यांत बसलेल्या बाईंनीं एवढेंच विचारलें. पुरेसें कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयास आहे. पण प्रिंटरचा रुसवा हें पुरेसें कारण ठरेल, असें त्यांस छातीठोकपणें कोण सांगणार?

आमची पुतणी नुकतीच सनद घेऊन आमच्याकडे बसूं लागली आहे. ती म्हणाली, "काका, आतां कुणीच कांहीं दाबूं नका." तिनें प्रथम प्रिंटरच्या अंगावरील बटणांनींच त्याच्या मांडणीचें पान छापविलें. तें स्वच्छ छापून आलें. म्हणजे भुकटी, कागद, रूळ सर्व ठीक, खोट वाटेंत. त्या पानावर यंत्राचा जाळ्यांतील पत्ता होता, त्याचा शेवटचा आंकडा १४. संगणक मात्र ९ या आंकड्याच्या पत्त्यावर कागद धाडीत होता. रात्रीं वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, आणि त्यानें प्रिंटरला नवें बिऱ्हाड दिलें. संगणकास कोण कळविणार? पत्ता दुरुस्त केला तरी छपाई होईना, कारण नऊ आज्ञांपैकीं पहिलीच अर्धवट अडकून बाकीच्यांची वाट अडवून बसली होती. रांग सांभाळणारा 'स्पूलर' तिनें थांबविला, त्याच्या फोल्डरमधील सांचलेले नऊही मसुदे काढून टाकले, त्यास पुन्हा चालू केलें, आणि मग एकदांच आज्ञा दिली. तीन वाजून दहा मिनिटांनीं पहिलें पान बाहेर आलें. चारच्या आंत अपील दाखल झालें.

प्रिंटरच्या हट्टानें याहून मोठ्या गोष्टीही घडविल्या आहेत. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत १९८० च्या सुमारास आलेला एक नवा लेझर प्रिंटर वारंवार कागद अडकवी. रिचर्ड स्टॉलमन यांनीं जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत, कागद अडकतांच मंडळींना सूचना जावी अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यांस कोणी देईना. ही चीड त्यांच्या मनांत राहिली, आणि १९८३ सालीं त्यांनीं सर्वांस मोकळेपणें वापरतां व सुधारतां येईल अशा 'ग्नू' प्रणालीची घोषणा केली.

आमची चीड एवढी फलद्रूप झालेली नाहीं. प्रिंटरला नेहमीं तोच पत्ता मिळावा अशी तजवीज पुतणीनें राउटरमध्यें केली, आणि कारकुनांनीं तो पत्ता आपल्या वळणदार अक्षरांत लिहून यंत्राच्या पाठीवर चिकटविला. अपील अद्याप चालू आहे. बाई दर तारखेस येतात.