भिंतीपलीकडचे माग

भिवंडीत आमच्या घराची मागची भिंत आणि यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच. लग्न होऊन आले तेव्हा रात्रभर वाटे, कुणीतरी दार ठोठावते आहे. घरातले म्हणाले, "सवय होईल." झालीही. पण सवय झाली असे मनाला वाटते, शरीराला ती होत नाही. झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. जाग आली नाही तरी आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात, झोप उथळ होते. सकाळी माणूस उगाच चिडतो आणि घरात त्याला स्वभाव म्हणतात.

माझे सासरे तापट म्हणूनच ओळखले जात. अब्बांनी 30 वर्षे बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवले. धोट्याच्या खटखटीत शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागे. तोच आवाज घरी दस्तरखानावर. पुढे ऐकू कमी येऊ लागले. चारजण हळू बोलले की आपल्याविषयीच बोलतात असे त्यांना वाटे. लग्नाकार्याला जाणे सुटले. कानाच्या डॉक्टरांनी एकदा "झोप लागते का? मन उदास असते का?" असे विचारले, तेव्हा अम्मी म्हणाल्या, "हे आजवर कुणी विचारलेच नव्हते."

नियमाने निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहानंतर 45 ही मर्यादा आहे. आमच्या गल्लीत घर कुठे संपते आणि कारखाना कुठे सुरू होतो, हे ठरवायचे कुणी? शिवाय याच खटखटीवर मोहल्ल्याच्या चुली पेटतात.

न्यूयॉर्कमध्ये रेल्वेच्या उन्नत मार्गालगत एक शाळा होती. रुळांकडच्या वर्गांतली मुले वाचनात मागे पडतात, असे अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी 1975 मध्ये दाखवले. रुळांखाली रबर आणि वर्गांत आवाज शोषणारे छत बसवल्यावर तो फरक गेला. हे वाचले आणि मुलीचा अभ्यास पुढच्या खोलीत हलवला.

सगळा दोष मागांनाच का द्या? वरातीतला डीजे आपलाच असतो. आवाज खाली ठेव, ही हजरत लुकमान यांची मुलाला केलेली नसीहत कुरआनात आहे. तिच्यावरचे बयानही आपण चार भोंग्यांतून ऐकवतो.

लाइट गेली की सारे माग एकदम थांबतात. मालक वैतागतात. अब्बा ओट्यावर येऊन बसतात, नातीला पाढे विचारतात, आणि तिचे उत्तर त्यांना पहिल्याच वेळी ऐकू येते.