लेकीच्या हृदयाचे माप

शिंप्याकडे कापड टाकताना आपण मापाचा ब्लाऊज आठवणीने देतो. चष्म्याचा नंबरही ज्याचा त्याचा वेगळा. मग छातीतले हृदय तरी सगळ्यांचे एकसारखे कसे असेल?

अमेरिकेतील इंजिनीअर स्टीव्ह लेविन यांना हा प्रश्न घरातच पडला. त्यांच्या मुलीच्या हृदयाचे डावे-उजवे कप्पे जन्मतःच उलट जागी होते. उजवा कप्पा एरवी रक्त फक्त फुप्फुसांकडे ढकलतो. हिच्या बाबतीत साऱ्या शरीराचा भार त्याच्यावर पडला. लहानपणीच पेसमेकर बसवावा लागला. पुढे काय, हे सांगणे डॉक्टरांनाही अवघड होते. कारण असे हृदय फार थोड्यांचे असते.

लेविन यांच्या दासो सिस्टिम्स या कंपनीचे सॉफ्टवेअर मोटारी तपासायला वापरले जाई. मोटार आधी पडद्यावर आपटायची, काय मोडते ते पाहायचे, मग कारखान्यात बनवायची. जी काळजी मोटारीची घेतली जाते, ती लेकीच्या हृदयाची का घेऊ नये? २०१४ साली त्यांनी ‘लिव्हिंग हार्ट’ प्रकल्प सुरू केला. डॉक्टर, संशोधक, उपकरणे बनवणारे, इतकेच काय, अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनही त्यात सहभागी झाले. संगणकात धडधडणारे हृदय तयार झाले.

या वाटेवरचे पहिले पाऊल १९६० सालचे. लंडनमध्ये डेनिस नोबल या तरुण संशोधकाने हृदयाच्या एका पेशीची स्पंदने गणितात मांडली. त्यासाठी विद्यापीठाचा संगणक त्याला मिळे तो मध्यरात्रीनंतर!

आता ही विद्या रुग्णांच्या उपयोगी पडू लागली आहे. सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या स्वतःच्या हृदयवाहिन्यांची प्रतिकृती संगणकात उभी करतात आणि अडथळ्यापुढे रक्ताचा दाब किती घटतो, ते गणिताने काढतात. वाहिनी अरुंद दिसली म्हणजे रक्त अडलेच, असे नसते. त्यामुळे काहींची नळी घालून करायची तपासणी टळते.

अर्थात पडद्यावरचे हृदय जागरण करीत नाही, धास्तावत नाही. त्याला पुरवलेली माहिती चुकली, तर उत्तरही चुकणार. रुग्णाची नाडी धरून निर्णय घ्यायचा तो डॉक्टरांनीच. पण एखादा उपाय फसायचाच असेल, तर तो आधी पडद्यावर फसावा, लेकीच्या छातीत नको. कुठल्याही बापाला याहून वेगळे काय हवे असते?