राखाडी दारू, पिवळा साप

भुईनळ्यात भरायची दारू नुसती बघितली तर राखाडीच दिसते. ती लाल फुलणार की पिवळी, हे भरणाऱ्यालाच विचारावं लागतं. स्ट्रॉन्शियमचा क्षार असेल तर लाल, सोडियमचा असेल तर पिवळा, तांब्याचा असेल तर निळा. हिरव्यासाठी बेरियम लागायचं. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बंदी घातली आणि तो विषय काढला की पुढ्यातला चहा गार होतो.

सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळ्याच्या पुढे लागणारं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. प्रस्तुत लेखक तिथलाच. (‘मी, मी’ करत लिहिलेलं घरच्यांना आवडत नाही, म्हणून हा जुना आडपडदा.) त्याच्या आयुष्यातला पहिला साप दिवाळीतल्या नागगोळीचा. काळी गोळी पेटवायची, तिच्यातून राखेचा साप वळवळत वर यायचा आणि बोट लावलं की भुगा.

दुसरा साप खरा होता. लेखक तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. कडब्याच्या गंजीखाली एक जाडसर, आखूड साप निघाला. जमलेल्यांपैकी एकानं ठामपणे सांगितलं, “अजगराचं पिल्लू हाय. काय करत नाय.” पोतं आणलं गेलं. कुणी हात घालणार, तेवढ्यात सापानं कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार सोडला आणि एका म्हाताऱ्यानं काठी आडवी धरून सगळ्यांना मागे लोटलं. ती घोणस होती. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे ठिपक्यांचे तीन सरळ पट्टे असतात. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, फाटक्या गोधडीच्या ठिगळांसारखे. हा फरक माहीत नसल्यानं आजही माणसं ‘अजगराचं पिल्लू’ हातात घेऊन दवाखान्यात पोचतात. लेखकाची नजर सापाच्या नक्षीवर बसली ती त्या दिवसापासून.

त्यामुळे ब्रिस्बेनला राहणाऱ्या पुतण्यानं फोनवर “काका, अजगर पाळतोय” असं सांगितलं तेव्हा घरात दोन प्रतिक्रिया उमटल्या. काकूनं देवापुढे दिवा लावला. काकानं विचारलं, “कोणत्या रंगाचा?”

पुढच्या वर्षी पुतण्याकडे जाणं झालं आणि निवडीच्या वेळी काका हजर राहिले. क्वीन्सलँडमध्ये देशी साप घरी ठेवायला सरकारी परवाना लागतो. पुतण्यानं तो आधीच काढला होता. त्याला हवा होता जंगल कार्पेट पायथन, उत्तर क्वीन्सलँडच्या ओल्या रानातला, ॲथर्टन पठाराच्या बाजूचा. पूर्ण वाढलेला हा अजगर म्हणजे काळ्याभोर अंगावर पिवळेधमक पट्टे. पुतण्याच्या फोनमध्ये त्याचे फोटो होते. खंडोबाच्या जत्रेत भंडारा उधळावा, तसा तो पिवळा.

साप पाळणाऱ्या एका गृहस्थांच्या गॅरेजमध्ये प्लॅस्टिकच्या डब्यांत पिल्लं ठेवलेली होती. हातभरही लांब नसलेली, पेन्सिलीएवढी जाड. एकूण अकरा. आणि रंग? चहाचा चोथा. कुठे विटकरी छटा, कुठे मातकट राखाडी. काकूला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, “एवढ्या लांब जाऊन हे?”

काकांची नजर एका पिल्लावर खिळली. बाकीच्यांपेक्षा ते उजळ होतं, पट्ट्यांत पिवळसर झाक आत्ताच दिसत होती. “हाच घे,” काका म्हणाले. गृहस्थ हसले आणि तो डबा खिडकीपाशी नेला. दिव्याखालची झाक दिवसाच्या उजेडात अर्धी उतरली. मग त्यांनी भिंग दिलं. फिकट पट्ट्यांच्या आत मिरपूड सांडावी तसे बारीक काळे ठिपके होते. वय वाढतं तशी ही मिरपूड बहुधा वाढते, आणि पिवळा कितीही आला तरी लांबून मळकट दिसतो, असं ते म्हणाले. शिवाय त्या पिल्लानं नुकतीच कात टाकली होती. कात टाकल्यावर कुठलाही साप नव्या भांड्यासारखा चमकतो. टाकण्याआधीचे काही दिवस तोच दुधाळ, निळसर डोळ्यांचा आणि अगदी ओशाळलेला दिसतो. अशा दिवसांत बघून सापाचं रूप ठरवणं म्हणजे हळदीच्या दिवशीच नवरी बघणं.

मग त्यांनी पिल्लं बाजूला ठेवली आणि आई-बाप दाखवले. खरी निवड इथे सुरू झाली. बाप लखलखीत पिवळा, पट्ट्यांच्या कडा ब्लेडनं कापल्यासारख्या. आई जरा सौम्य, पण स्वच्छ. आधीच्या विणीतलं, तीन वर्षांचं एक भावंडही होतं. काकांना एकदम भुईनळा आठवला. दारू राखाडीच असणार, आत कोणता क्षार आहे तेवढं विचारायचं.

मग पिल्लांकडे नव्यानं बघणं झालं. आता रंग बघायचा नव्हता. पट्ट्यांच्या कडा किती रेखीव आहेत, मधली जागा किती निर्मळ आहे, हे बघायचं होतं. आणि त्याहून महत्त्वाची एक वही होती: कुणी किती वेळा उंदराचं पिल्लू खाल्लं, कात कधी टाकली, वजन किती. पुतण्याला जे पटलं ते अकरांमधलं सर्वांत निस्तेज म्हणावं असं होतं, पण खाण्यात एकदाही नाही न म्हटलेलं. तोंड नीट मिटलेलं, श्वासाला घरघर नाही. काका मनातून हिरमुसले.

पिल्लांनी असं मळकं राहण्यात निसर्गाचा काहीतरी हिशेब असावा, एवढं उघड आहे. याच घराण्यातल्या हिरव्या झाडअजगराबाबत तो हिशेब मांडलाही गेला आहे. त्याची पिल्लं जन्मतात पिवळी किंवा तांबडी आणि साधारण ५५ सेंटिमीटर लांबी झाली की हिरवी होतात. केप यॉर्कमधल्या आयर्न रेंजच्या रानातला यावरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी ही पिल्लं रानाच्या कडेला, जमिनीजवळ शिकार करतात आणि तिथे पिवळा-तांबडा रंग लपून जातो. मोठी झाली की ती झाडांच्या शेंड्यांकडे जातात, तिथे हिरवा हवा. बॉल पायथनचं अनेकदा उलटं होतं. पिल्लू भडक आणि मोठेपणी तपकिरीकडे झुकलेलं. पिल्लाचा रंग बघून पैसे मोजणारे तिथे हमखास फसतात.

गावी परतल्यावर फोटो फिरले आणि एका पोरानं विचारलंच, “काका, एखादं आपल्यालाबी आणा की.” त्याला समोर बसवून सगळं सांगावं लागलं. आपला देशी अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाळणं सोडाच, पकडून घरी ठेवला तरी तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजारांचा दंड. परदेशी अजगर असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारदरबारी नोंद लागते. ऑस्ट्रेलियात बरोबर उलटं आहे: देशी साप परवान्यावर चालतो, परदेशी घरात चालत नाही, आणि तिथला जिवंत साप धंद्यासाठी देशाबाहेर जातच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले, हेही सांगितलं. पोरगं म्हणालं, “बिस्किटात? मग चहा कसा प्यायचा?”

ब्रिस्बेनचा तो साप आता तीन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी काही घडलं नाही. दुसऱ्या वर्षी दर कातीगणिक राखाडीतून कच्च्या लिंबासारखं काहीतरी वर येत गेलं, पुतण्या दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढून पाठवत राहिला. आज तो पिवळा आहे, पण बापाइतका नाही. शेपटीकडची वीतभर जागा अजून मातकट आहे आणि ती तशीच राहील, असं दिसतं. काकांनी पसंत केलेलं ते उजळ पिल्लू त्याच आठवड्यात दुसरं कुणीतरी घेऊन गेलं.

मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर पुतण्यानं साप मनगटावर गुंडाळून दाखवला. मागे अंगणात नातवंडांनी भुईनळा लावला होता, आणि काकू पहिल्यांदाच फोनच्या जवळ सरकून म्हणाली, “ह्याला खायला वेळेवर देतोस ना रे?”