बेत

मित्र जमले की बेत आलाच. त्यासाठी सभा भरवावी लागत नाही की पत्रिका छापाव्या लागत नाहीत. मुंबईच्या उपनगरातील जोगेश्वरी हेच ठिकाण पाहा. सुमारे सहाव्या शतकात खडकात कोरलेले शंकराचे लेणे येथे आहे. आज त्याच्या सभोवती दाट वस्ती आहे. पण पायऱ्या उतरून आत गेले, की खांबांच्या रांगा आणि थंडगार सावली लाभते. शनिवारी सायंकाळी एखादा मुलगा सहज म्हणतो, “उद्या लेण्यांकडे जायचं का?” दुसरा म्हणतो, “जाऊ या की!” तिसरा म्हणतो, “घरी विचारून सांगतो.” झाला बेत!

अशा बेतांत शब्द थोडे असतात. परंतु त्यांचे मोल मोठे असते. घोळक्याच्या कडेला नवीनच राहावयास आलेला एक मुलगा उभा आहे, अशी कल्पना करा. “आम्ही उद्या लेण्यांकडे जाणार आहोत,” असे कोणी म्हटले, तर तो मुकाट्याने घरची वाट धरील. “आपण उद्या जाऊ या,” असे म्हटले, तर त्याचा चेहरा खुलेल. ‘आम्ही’ या शब्दात ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ या शब्दात तो आत येतो. गुजराती भाषेतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा भेद आहे. हिंदीत मात्र दोहोंसाठी ‘हम’ हा एकच शब्द चालतो.

दूरच्या स्पॅनिश भाषेचीही हीच रीत आहे. स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना अशा अनेक देशांत ती बोलली जाते. तेथील मुले ‘बामोस’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘आम्ही जातो’ असाही होतो आणि ‘चला, जाऊ या’ असाही होतो. आपल्याला बोलावले आहे की नुसते सांगितले आहे, हे ऐकणाऱ्याने स्वरावरून आणि चेहऱ्यावरून ओळखावयाचे.

स्पॅनिशमध्ये बेत करू लागलेल्या मराठी मुलाला आणखीही गमती भेटतात. मित्राने हाक मारली, की अजून चपलाही न घातलेला मराठी मुलगा “आलो, आलो!” असे ओरडतो. स्पॅनिश मुलगा अशा वेळी ‘बोय’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जातो’. तो आपल्या दारातून निघण्याचा विचार करतो. मराठी मुलगा मित्राच्या दारात पोहोचण्याचा. त्याहून मौज ‘केदार’ या क्रियापदाची. आपल्याकडे हे मुलाचे नाव. तिकडे त्याचा मूळ अर्थ ‘राहणे’. स्पेनमधील मित्र “पाच वाजता राहिलो” अशा अर्थाचे वाक्य बोलतात, तेव्हा पाच वाजता भेटावयाचे नक्की ठरलेले असते. मराठीत मात्र ‘जायचं राहिलं’ म्हणजे बेत फिसकटला! शब्दाला शब्द ठेवणारा मुलगा नेमका त्या दिवशी घरी बसेल.

म्हणून परक्या भाषेत मित्रांना बोलावताना शब्दार्थ पाठ असून भागत नाही. समोरच्याला आपले बोलावणे पोहोचले की नाही, हेही पाहावे लागते. स्पॅनिश मुलगा जाणतो, की ‘बामोस’ने शंका उरू शकते, म्हणून “तूही येतोस का?” असे तो वेगळे विचारतो. मराठी मुलाला तितके कष्टही नाहीत. ‘आपण’ हा तीन अक्षरांचा शब्द त्याच्या ओठांवर तयारच असतो. तो वेळेवर उच्चारला, म्हणजे कडेला उभ्या असलेल्या मुलाचाही रविवार आनंदात जातो.